विंडोज, मॅक की लिनक्स: खर्च आणि सुरक्षितता यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवा कॉम्प्युटर घेताना, जुना ठेवावा की काढावा हे ठरवताना आणि ऑफिसचं बजेट मांडताना हेच प्रश्न फिरून फिरून येतात. उत्तरं देताना घर आणि लहान ऑफिस डोळ्यांसमोर ठेवलं आहे. हजारो मशिनं असलेल्यांकडे या कामाला वेगळी माणसं असतात. काही उत्तरं लांबली आहेत, कारण लोक फसतात ते तिथेच.

थोडक्यात सांगा ना: सगळ्यांत स्वस्त कोणती आणि सगळ्यांत सुरक्षित कोणती?

दोन्ही प्रश्न एकाच आकड्याशी येऊन थांबतात: या मशिनला सुरक्षा अपडेट अजून किती वर्षं मिळणार? किमतीला त्या वर्षांनी भागा. येईल तो खरा वार्षिक खर्च. ती वर्षं संपली की वर लोगो कुणाचाही असो, मशिन इंटरनेटला जोडण्यालायक राहत नाही.

एवढ्याने समाधान होत नसेल तर माझं मत सांगतो. वेळच्या वेळी अपडेट केलेलं विंडोज ११, मॅकओएस आणि एखादं जुनंजाणतं लिनक्स, या तिघांत घरगुती वापरापुरता सुरक्षेचा फरक लोकांना वाटतो त्याहून बराच कमी आहे. खर्चातला फरक मात्र मोठा आहे आणि त्यातला बराचसा पावतीवर दिसतच नाही.

लिनक्स तर फुकट आहे. मग खर्चाचा प्रश्न येतोच कुठे?

लायसन्सचा खर्च शून्य, हे खरं. डेबियन, फेडोरा, मिंट, उबुंटू या लिनक्सच्या वितरणांपैकी, म्हणजे तयार रूपांपैकी, काहीही उतरवून घ्या, हव्या तितक्या मशिनवर टाका, कोणी बिल पाठवणार नाही. पैसे जातात ते वेळेपोटी. स्कॅनरचा ड्रायव्हर सापडेना म्हणून वाया गेलेली दुपार, हिशेबाचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं म्हणून सांभाळावं लागणारं एक जास्तीचं मशिन, डिजिटल स्वाक्षरीच्या यूएसबी टोकनपायी झालेली खटपट. तुमचं काम ब्राउझर, ईमेल, साधे दस्तऐवज आणि व्हिडिओ एवढ्यातच भागत असेल तर यातलं काही वाट्याला येत नाही, आणि मग लिनक्सइतकं स्वस्त दुसरं काही नाही.

मायक्रोसॉफ्ट ऑफिस आणि फोटोशॉप यांच्या लिनक्ससाठी आवृत्त्याच नाहीत. लिब्रेऑफिस चांगलं आहे, पण मॅक्रोंनी (फाइलमध्येच लिहून ठेवलेल्या, आपोआप काम करणाऱ्या आज्ञांनी) भरलेली एक्सेल फाइल समोर आली की अडखळतं. ब्राउझरमधलं एक्सेल लिनक्सवर उघडतं, मात्र व्हीबीए भाषेतले जुने मॅक्रो त्यात चालत नाहीत. म्हणून लिनक्सवर जायचा विचार असेल तर आधी मॅक्रो असलेल्या फाइली मोजा. बाकी सगळं नंतर.

विंडोज मशिनसोबतच आलं. त्याचे वेगळे पैसे कुठे दिले मी?

दिलेत, फक्त ते किमतीत मुरलेले आहेत. तयार मशिनसोबत येणारं लायसन्स बहुधा त्या मशिनलाच बांधलेलं असतं. मशिन मोडीत गेलं की लायसन्सही गेलं, नव्या मशिनवर नेता येत नाही. वेगळं विकत घेतलेलं लायसन्स हलवता येतं, पण महाग पडतं.

होम आणि प्रो यांतला फरकही खरेदीच्या वेळीच बघा. ऑफिसातली मशिनं एका ठिकाणाहून सांभाळायची असतील, बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करायची सोय, हवी तशी लावायची असेल, दुसरीकडून रिमोट डेस्कटॉपने आत यायचं असेल, तर प्रो लागतं. दहा मशिनं होमची घेऊन वर्षभराने दहा अपग्रेड विकत घेणारी ऑफिसं काही कमी नाहीत.

माझं विंडोज १० अजून झकास चालतंय. का बदलू?

चालतंय याबद्दल वाद नाही. पण त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यानंतर सापडलेल्या त्रुटींची दुरुस्ती सर्वसाधारण वापरकर्त्याला आपोआप येत नाही. आणि गंमत अशी की विंडोज ११ साठी दर महिन्याला निघणाऱ्या दुरुस्त्याच हल्लेखोरांना वाट दाखवतात. दोन्ही प्रणालींतला बराच कोड एकच आहे. ११ मध्ये काय दुरुस्त झालं हे पाहिलं की १० मध्ये काय उघडं पडलंय ते कळतं.

घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने मुदतवाढीची योजना काढली: १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट. सेटिंग्जचा बॅकअप मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवायची तयारी असेल तर विनामूल्य, नाहीतर ३० डॉलर. एका खात्यावर दहा मशिनांपर्यंत चालतं. संस्थांना हीच सोय तीन वर्षांपर्यंत मिळते, पण दर मशिनमागे पहिल्या वर्षी ६१ डॉलर, दुसऱ्या वर्षी त्याच्या दुप्पट, तिसऱ्या वर्षी त्याच्याही दुप्पट. तिन्ही मिळून ४२७ डॉलर होतात. एवढ्या पैशांत साधं नवं मशिन येतं. दर मुद्दामच असा लावलेला आहे, हे सांगायला तज्ज्ञ नको.

विंडोज ११ घालायला गेलो तर “हे मशिन चालणार नाही” असं आलं. संपलं का?

थांबा. आधी टीपीएम, म्हणजे विंडोज ११ ला लागणारी सुरक्षा चिप, तपासा. विंडोज-आर दाबून टीपीएम डॉट एमएससी ही आज्ञा द्या. उघडलेल्या खिडकीत खाली आवृत्ती २.० दिसली तर टीपीएमची अडचण नाही. “टीपीएम सापडला नाही” असं आलं तरी लगेच आशा सोडू नका. बऱ्याच मदरबोर्डांवर तो असतो, फक्त बंद असतो. बायोसमध्ये (मशिन सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) जाऊन इंटेलच्या मशिनवर पीटीटी आणि एएमडीच्या मशिनवर एफटीपीएम या नावाचा पर्याय शोधा, चालू करा, सिक्युअर बूटही चालू करा आणि पुन्हा प्रयत्न करा. मात्र बिटलॉकर आधीच लावलेलं असेल तर बायोसला हात लावण्यापूर्वी त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा.

प्रोसेसरच यादीत नसेल तर गाडं अडतं. इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे जवळपास सगळे प्रोसेसर यादीबाहेर आहेत. तपासणी चुकवून विंडोज ११ बसवायच्या युक्त्या फिरत असतात आणि त्या चालतातही. पण अशा मशिनला अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. हमी नसलेल्या अपडेटवर ऑफिसचं काम सोपवू नये असं मला वाटतं. घरी हौस म्हणून करा. असं मशिन लिनक्ससाठी मात्र उत्तम: २०१५-१६ च्या लॅपटॉपमध्ये एसएसडी आणि ८ जीबी रॅम असेल तर मिंट त्यावर आरामात चालतं.

मॅक महाग, यात शंका आहे का?

विकत घेताना महागच. ऑपरेटिंग सिस्टिमचे वेगळे पैसे २०१३ च्या मॅव्हरिक्स आवृत्तीपासून लागत नाहीत, पण सगळं वसूल हार्डवेअरमधून होतं. खरी मेख रॅम आणि स्टोरेजमध्ये आहे. ॲपलच्या स्वतःच्या चिपच्या मॅकमध्ये रॅम चिपसोबतच बसवलेली असते, नंतर वाढवता येत नाही. त्यामुळे पाच वर्षांनी काय लागेल याचा अंदाज आजच बांधून आजच पैसे मोजावे लागतात. साध्या डेस्कटॉपमध्ये दोन वर्षांनी एक रॅमची पट्टी घालून भागतं, ती सोय इथे नाही.

मॅकच्या बाजूनेही बोलायला हवं: जुन्या मॅकला बऱ्यापैकी किंमत येते, बॅटरी आणि बांधणी टिकाऊ असते. विकताना आलेले पैसे वजा करून हिशेब मांडला तर अंतर घटतं. पण घटतं म्हणजे मिटतंच असं नाही.

सेकंडहँड घेत असाल तर इंटेलचा मॅक घेऊ नका. २०२५ मध्ये आलेलं टाहो, म्हणजे मॅकओएस २६, हे इंटेल मॅकवर चालणारं शेवटचं. स्वस्त दिसतो, पण शिल्लक वर्षांनी भागून बघा.

मग कोणत्या प्रणालीला किती वर्षं अपडेट मिळतात?

विंडोज ११ ची प्रत्येक वार्षिक आवृत्ती होम आणि प्रोसाठी २४ महिने चालते. पुढची आवृत्ती घेत राहिलात तर गाडी सुरू राहते. “नको ते मोठं अपडेट” म्हणून दोन वर्षं टाळलंत तर सुरक्षा दुरुस्त्याही बंद होतात, हे फार जणांच्या लक्षात येत नाही.

ॲपल आधी तारीख सांगत नाही. रिवाज असा की चालू आवृत्ती आणि तिच्या मागच्या दोन, एवढ्यांना सुरक्षा अपडेट मिळतात. पण मागच्या दोहोंत सगळ्याच त्रुटी दुरुस्त होतात असं नाही, आणि हे ॲपल स्वतःच सांगतं. मागे राहून सुरक्षित असल्याचा भास होतो, एवढंच.

लिनक्समध्ये घराणं बघावं लागतं. उबुंटूच्या एलटीएस (दीर्घ आधाराच्या) आवृत्तीला पाच वर्षं. उबुंटू प्रोची नोंदणी केली की दहा, आणि ती वैयक्तिक वापरात पाच मशिनांपर्यंत विनामूल्य आहे. डेबियनला सगळं धरून साधारण पाच. फेडोराच्या एका आवृत्तीला जेमतेम तेरा महिने. फेडोरा वाईट नाही, पण “टाकलं आणि विसरलो” अशा माणसासाठी ते नाही.

क्रोमबुकला, म्हणजे गूगलच्या क्रोमओएसवर चालणाऱ्या लॅपटॉपला, २०२१ पासूनच्या मॉडेलांना, दहा वर्षं. पण मोजणी सुरू होते ते मॉडेल बाजारात आल्यापासून, तुम्ही घेतल्यापासून नव्हे. चार वर्षं पडून असलेलं मॉडेल सवलतीत घेतलंत तर हातात सहाच उरतात.

“अमुक प्रणाली तमुकपेक्षा इतक्या टक्क्यांनी स्वस्त” असे अहवाल येतात. खरे असतात का?

आकडे खोटे असतीलच असं नाही. तुलना कशाची कशाशी केली ते बघावं, आणि पैसे कुणी दिले तेही.

ठळक उदाहरण सर्व्हरच्या बाजूचं आहे. लिनक्स विंडोजपेक्षा दहापट महाग, असं दाखवणारी मायक्रोसॉफ्टची एक जाहिरात ब्रिटनच्या जाहिरात मानक प्राधिकरणाने ऑगस्ट २००४ मध्ये दिशाभूल करणारी ठरवली. लिनक्स चालवलं होतं आयबीएमच्या मेनफ्रेमवर, म्हणजे अवाढव्य महागड्या मशिनवर, आणि विंडोज साध्या इंटेल झिऑन प्रोसेसरच्या मशिनवर. मेनफ्रेमची किंमत लिनक्सच्या खात्यावर मांडली की दहापट काय, पाहिजे तेवढे पट निघतात.

म्युनिक शहराचं प्रकरण याहून बोलकं आहे, कारण ते थेट डेस्कटॉपचं आहे. २००३ मध्ये लिनक्सकडे वळायचं ठरलं, २०१३ च्या अखेरीस सुमारे १५,००० मशिनं वळली होती. एक कोटीहून जास्त युरो वाचले असं पालिकेचं म्हणणं; मायक्रोसॉफ्टसाठी एचपीने केलेला अभ्यास म्हणे की उलट कितीतरी जास्त गेले. शहर एक, टेबलं तीच, आकडे विरुद्ध. २०१७ मध्ये नगरपरिषदेने परत विंडोजकडे जायचं ठरवलं, तेव्हा दोन्ही बाजूंनी “बघा, आम्ही म्हणत होतो” सुरू झालं.

आयबीएमचा आकडाही खूप फिरवला जातो: मॅक वापरणाऱ्यांपैकी फक्त ५ टक्के हेल्पडेस्कला फोन करतात, पीसीवाल्यांपैकी ४० टक्के. आयबीएमने तो २०१५ मध्ये सांगितला हे खरं. सांगितला कुठे? जॅम्फच्या परिषदेत, आणि जॅम्फ ही मॅक सांभाळण्याचं सॉफ्टवेअर विकणारी कंपनी. शिवाय मॅक आले तेव्हा ते नवे कोरे होते आणि नव्या पद्धतीने लावलेले होते. नवी मशिनं नव्या पद्धतीने लावली की फोन कमी येतातच.

मला पटलेलं उदाहरण फ्रान्सच्या जांदार्मरी पोलीस दलाचं. त्यांनी घाई केली नाही: २००५ च्या सुमारास आधी ऑफिस सॉफ्टवेअर बदललं, मग ब्राउझर, आणि माणसं त्यात रुळल्यावर २००८ पासून उबुंटू. प्रणाली बदलली तोवर रोजचे प्रोग्राम ओळखीचे झाले होते.

मॅकला व्हायरस लागत नाही, बरोबर ना?

नाही. २०१२ मध्ये फ्लॅशबॅक नावाच्या प्रकाराने सहा लाखांहून जास्त मॅक पकडले होते. शिरकाव झाला जावामधल्या त्रुटीतून. ओरॅकलने ती आधीच दुरुस्त केली होती, पण मॅकसाठीची दुरुस्ती ॲपलमार्फत यायची आणि ती उशिरा आली. अलीकडे पासवर्ड आणि क्रिप्टो वॉलेट चोरणारे प्रोग्राम मॅकसाठी खास बनवून भाड्याने दिले जातात. मॅकवाल्याच्या खिशात पैसे असतात, हा हिशेब चोरांनीही केला आहे.

पाया भक्कम आहे याबद्दल दुमत नाही. सिस्टिमच्या फाइलींना ॲडमिनलाही हात लावू न देणारं संरक्षण २०१५ पासून आहे, आणि अनोळखी प्रोग्राम गेटकीपर अडवतो. पण “तरीही उघडा” हे बटण शेवटी माणूसच शोधतो.

लिनक्सला अँटिव्हायरस लागतो का?

घरगुती मशिनला नाही. पण सॉफ्टवेअर कुठून घेता याला फार महत्त्व आहे. वितरणाच्या अधिकृत भांडारातून घेतलेलं सहसा निर्धोक. कोणीही भर घालू शकेल अशा ठिकाणाहून घेताना डोळे उघडे ठेवा. जुलै २०२५ मध्ये आर्च या लिनक्स वितरणाच्या वापरकर्त्यांनीच चालवलेल्या भांडारात ब्राउझरच्या नावाखाली मागून शिरकाव करून देणारी पॅकेजं सापडली. फेब्रुवारी २०१६ मध्ये तर खुद्द लिनक्स मिंटच्या वेबसाइटवर हल्ला होऊन डाउनलोडच बदललं गेलं होतं. उतरवलेल्या आयएसओ फाइलची चेकसम (फाइल बदललेली नाही हे पडताळणारा आकडा) जुळवायला सांगतात ते उगाच नाही, आणि चेकसमवरची सही जुळवलीत तर आणखी बरं. साइटच हाती लागली तर तिथली चेकसमही बदलता येते.

एक उणीव लिनक्सप्रेमी सहसा बोलून दाखवत नाहीत. पडद्यावर खिडक्या दाखवण्याच्या जुन्या एक्स ११ पद्धतीत एक प्रोग्राम दुसऱ्या प्रोग्राममध्ये दाबलेल्या कळा वाचू शकतो, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. तिच्या जागी आलेल्या वेलँडमध्ये हे बंद झालं. फेडोरात ते २०१६ पासून आपोआप येतं, उबुंटूत २०२१ पासून. तुमच्या डेस्कटॉपवर काय चालू आहे ते सेटिंग्जमध्ये “माझ्या सिस्टिमबद्दल” या पानावर बहुधा दिसतं.

कोड खुला म्हणजे हजार डोळे तपासणार. मग लिनक्सच जास्त सुरक्षित, नाही का?

हजार डोळे असू शकतात. ते त्या पानावर पडतातच असं नाही. परवानग्या सांभाळणाऱ्या पॉलकिटच्या पीकेएक्झेक या प्रोग्राममधली त्रुटी २००९ पासून तिथे होती, उघड झाली २०२२ च्या जानेवारीत. साध्या वापरकर्त्याला थेट रूट, म्हणजे मशिनचा सर्वाधिकारी, बनवणारी त्रुटी, बारा वर्षं सगळ्यांसमोर.

आणि मग एक्सझेड. फाइली दाबून लहान करणारी ही छोटी लायब्ररी जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असते. एकटा माणूस ती सांभाळत होता आणि थकला होता. “जिया टॅन” या नावाने कोणीतरी २०२१ पासून मदत करत राहिलं, विश्वास कमावला, सांभाळण्याचे अधिकार मिळवले आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला. चोरदरवाजा मुख्य कोडात उघड दिसत नव्हता, चाचणीसाठी ठेवलेल्या फाइलींत दडवला होता. म्हणजे डोळे असते तरी सहज दिसला नसता. मार्च २०२४ मध्ये अँड्रेस फ्रॉइंड हे डेबियनच्या प्रायोगिक आवृत्तीवर काही मोजमापं घेत होते. एसएसएचने (दुरून दुसऱ्या मशिनमध्ये शिरण्याच्या पद्धतीने) लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय आणि प्रोसेसर उगाच तापतोय, हे त्यांना खटकलं. मागोवा घेत गेले आणि २९ मार्चला सगळं जाहीर केलं. स्थिर आवृत्त्यांपर्यंत ते पोहोचायच्या आत थोपलं. फ्रॉइंड नोकरी करतात मायक्रोसॉफ्टमध्ये, हे सांगायला मला दरवेळी मजा येते.

कोड खुला होता म्हणून त्यांना तळापर्यंत जाता आलं, हे खरं. आणि प्रकल्प एका माणसाच्या खांद्यावर होता म्हणून हे घडलं, हेही तितकंच खरं. बंद कोडमध्ये असंच काही झालं तर बाहेरच्या माणसाला अर्ध्या सेकंदाचा माग घेत इतक्या आत जाणं फार अवघड.

वर्षभरात कुणात जास्त त्रुटी सापडल्या ते मोजलं तर उत्तर मिळणार नाही का?

अजिबात नाही. फेब्रुवारी २०२४ पासून लिनक्स कर्नलची, म्हणजे गाभ्याची, मंडळी स्वतःच सीव्हीई क्रमांक (त्रुटींचे नोंदणी क्रमांक) देऊ लागली आणि जवळपास प्रत्येक दुरुस्तीला क्रमांक मिळू लागला. संख्या धडाधड वाढली. कर्नल रातोरात बिघडलं नव्हतं. दुरुस्ती किती दिवसांत आली आणि तुमच्या मशिनवर किती दिवसांत बसली, ते विचारा.

वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने इतका धुमाकूळ घातला. तो विंडोजचाच दोष ना?

त्रुटी विंडोजचीच. पण तारखा बघा: दुरुस्ती आली १४ मार्च २०१७ ला, हल्ला झाला १२ मे ला. दोन महिने होते हातात. दीडशेच्या आसपास देशांत दोन लाखांहून जास्त मशिनं लटकली, त्यातली बहुतेक विंडोज ७ ची होती, म्हणजे ज्यासाठी दुरुस्ती उपलब्ध होती अशी. २०१४ मध्येच आधार संपलेल्या एक्सपीसाठीही मायक्रोसॉफ्टला घाईघाईने दुरुस्ती काढावी लागली. वरातीमागून घोडं.

अँटिव्हायरस विकत घ्यावा का?

विंडोजसोबत येणारा डिफेंडर घरासाठी पुरेसा आहे. स्वतंत्र चाचण्यांत तो पैसे देऊन घेतलेल्यांच्या बरोबरीने उतरतो. तेच पैसे बॅकअपच्या डिस्कवर घाला.

ऑफिससाठी देखरेखीसह येणारी महागडी उत्पादनं असतात आणि काहींना ती लागतातही. पण असं सॉफ्टवेअर प्रणालीच्या अगदी गाभ्यात बसतं, हे विसरू नका. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज मशिनं निळ्या पडद्यावर अडकवली. हल्ला नव्हता, संरक्षणाचंच अपडेट होतं. त्या दिवशीचं नुकसानही सुरक्षेच्या खर्चातच धरायला हवं.

लॅपटॉप चोरीला गेला तर?

इथे मॅक पुढे आहे. ॲपल चिपच्या मॅकची अंतर्गत डिस्क मुळातच एन्क्रिप्ट असते. फाइलव्हॉल्ट चालू केलं की ती तुमच्या पासवर्डशी बांधली जाते. विंडोज ११ च्या २४एच२ (२०२४ च्या) आवृत्तीपासून नव्याने बसवताना मायक्रोसॉफ्ट खातं वापरलं तर होममध्येही एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं आणि रिकव्हरी की त्या खात्यात जाते. चालू झालंय हेच अनेकांना माहीत नसतं. खात्याचा पासवर्ड विसरला आणि मशिनने रिकव्हरी की मागितली की रडारड. लिनक्समध्ये बसवतानाच एक खूण करावी लागते. नंतर करणं जिकिरीचं आहे, तेव्हा तिथे विसरू नका.

स्वस्तातली लायसन्स-की किंवा क्रॅक केलेलं विंडोज घेतलं तर काय होईल?

क्रॅक चालवण्याआधी “अँटिव्हायरस बंद करा” अशी सूचना येते. ती पाळून अनोळखी प्रोग्रामला ॲडमिनचे अधिकार द्यायचे असतात. पुढचं सांगायला नको. मातीमोल भावाच्या किल्ल्या बहुधा एखाद्या संस्थेच्या लायसन्समधून फुटलेल्या असतात आणि कधीही बाद होतात. पैसे द्यायचे नसतील तर लिनक्स आहे की.

प्रणाली कुठलीही असो, हल्ली खरी भीती कशाची?

तुमच्याच बोटांची. २०२४ पासून पसरलेला एक प्रकार बघा. एखाद्या पानावर “तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा” अशी चौकट येते. टिक केलं की तीन पायऱ्या सांगतात: विंडोज-आर दाबा, कंट्रोल-व्ही दाबा, एंटर दाबा. टिक केलं त्याच क्षणी पानाने एक आज्ञा तुमच्या क्लिपबोर्डवर ठेवलेली असते. तुम्ही ती स्वतःच्या हाताने चालवता आणि ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड मिनिटभरात बाहेर जातात. मॅकवाल्यांना हेच टर्मिनल उघडून करायला लावतात, आणि लिनक्सवालेही बचावलेले नाहीत. इंटरनेटवरची आज्ञा टर्मिनलमध्ये चिकटवायची सवय तर त्यांनाच जास्त. कुठलंही खरं पान माणूसपण सिद्ध करायला कीबोर्डवरून आज्ञा चालवायला सांगत नाही.

क्रोमबुकचं काय?

सुरक्षेत अव्वल. सुरू होताना प्रणाली स्वतःला तपासते, अपडेट गुपचूप होतात, बाहेरचा प्रोग्राम बसवायला मुळात जागाच कमी. मोबदल्यात गूगलचं खातं, आणि ब्राउझरबाहेरचं काम जेमतेम. जुन्या पीसीवर टाकायचं क्रोमओएस फ्लेक्स विनामूल्य आहे, पण क्रोमबुकमधली सुरक्षा चिप त्या मशिनमध्ये नसते, तेव्हा दोन्ही एकच समजू नका.

दहा-पंधरा जणांचं ऑफिस आहे. तुम्ही काय घेतलं असतं?

मिश्र. हिशेब आणि स्वाक्षरीचं काम ज्यांच्याकडे आहे त्यांना विंडोज ११ प्रो. ब्राउझरमध्येच दिवस जातो अशांना त्यांची जुनी मशिनं, उबुंटू एलटीएस टाकून; मात्र लिनक्स जाणणारा एक तरी माणूस हाकेच्या अंतरावर हवा. तो नसेल तर सगळं विंडोज ठेवा, मी आग्रह धरणार नाही. डिझाइनवाल्यांनी मॅक मागितला तर द्या, त्यात वाद घालण्यात जाणारा वेळही महागच असतो.

आणि कुणाचंही रोजचं खातं ॲडमिनचं ठेवू नका. याला एक पैसा लागत नाही. पहिले काही दिवस कुरकुर होईल.

बदलायचं पक्कं झालं. सुरुवात कुठून करू?

प्रोग्रामपासून, जांदार्मरीसारखी. आहे त्याच विंडोजवर लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्स वापरून बघा. महिनाभरात काय अडतं ते कळेल. मग लिनक्स पेनड्राइव्हवरून, काही न बसवता, चालवून पाहा: वायफाय लागतं का, प्रिंटर बोलतो का, झाकण मिटून उघडल्यावर मशिन जागं होतं का. हे तिसरं लोक तपासत नाहीत आणि नंतर त्यालाच कंटाळतात. बसवताना जुनी डिस्क पुसण्याऐवजी शक्य असेल तर नवी एसएसडी घाला आणि जुनी काढून बाजूला ठेवा.

नाहीच जमलं तर विंडोजवर परतता येतं?

येतं. विंडोज १० आणि ११ चं डिजिटल लायसन्स हार्डवेअरशी जोडलेलं असतं. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून फाइल उतरवून घ्या, तीच आवृत्ती बसवा, होमच्या जागी होम, प्रोच्या जागी प्रो. इंटरनेट लागलं की ते आपोआप सक्रिय होतं. मदरबोर्ड बदलला असेल तर मात्र ही सोय गृहीत धरू नका.